स्कीमचा विमा आहे म्हणून आपलं घर कव्हर आहे असं समजू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांब होणार आहे, पण शक्य असेल तर कापू नका ही विनंती, कारण अर्धवट माहितीनेच आमचं नुकसान झालं आहे. मागच्या आठवड्यात आमच्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, तळमजल्याचा फ्लॅट एका तरुण जोडप्याने घेतला, रजिस्ट्री झाली, पूजा झाली, मीही जेवायला गेले होते, आणि निघताना सहज विचारलं की बेटा घराचा इन्शुरन्स काढला का, तर ती मुलगी म्हणाली, "काकू, स्कीमचा आहे नं, मेंटेनन्समध्ये जातो नं तो, आणि बँकेनेही लोनच्या वेळी एक काढून घेतलाय." माझ्या पोटात गोळाच आला, कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत बोलत होते.

तेव्हा नेमकं काय झालं ते सांगते. २२ सप्टेंबर २०२३ ला शुक्रवार होता, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. नागपुरात ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना माहीत आहे त्या दिवशी घर कसं असतं, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सवाष्ण, पाहुणे, आणि लॉकरमधून काढून आणलेलं सोनं देवीच्या अंगावर. रात्री बारा वाजता आम्ही आवरून झोपलो. दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो असा की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेना, काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा चांगल्या चांगल्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. आमची स्कीम तिथलीच, जुनी, नव्वदच्या दशकातली, स्टिल्ट पार्किंग नाही, तळमजल्यावर फ्लॅट आहेत. मला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने नाही तर फ्रिजच्या आवाजाने, तो आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दाराला धडकत होता. पाय खाली टाकला तर गुडघाभर पाणी, आणि मिस्टरांनी मेन स्विच पाडेपर्यंत मांडीपर्यंत आलं होतं. पहिले मुखवटे उचलले, मग सासूबाईंना, मग जे हाताला लागलं ते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडून आम्हाला आत घेतलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही, त्या रात्री शहरात माणसं गेली आहेत.

सकाळी पाणी उतरल्यावर जे दिसलं ते मी कोणाला नीट सांगू शकत नाही. भिंतीवर माझ्या कमरेच्या वर एक सरळ काळी रेघ होती, जशी कोणी पट्टी धरून ओढावी तशी, आणि त्या रेघेच्या खालचं सगळं गेलेलं. दिवाण फुगला होता, प्लायवूडची आलमारी दोन दिवसांत पापुद्रे सुटून उघडी पडली, गव्हाच्या कोठीतला गहू आंबून त्याला असा वास आला की कोठीच फेकावी लागली, वॉशिंग मशीन, मिक्सर, कूलरची मोटर, सोफा, गाद्या, मुलीच्या लग्नाचे अल्बम. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती, ती मी अजून फेकली नाही. महालक्ष्मीच्या कानातली एक कुडी सापडलीच नाही. आम्ही पंधरा दिवस मनीषनगरला नणंदेकडे होतो, त्यात तिसऱ्या दिवशी दार नीट लागत नव्हतं म्हणून कोणीतरी इन्व्हर्टरची बॅटरी उचलून नेली, आणि मग दोन महिने भाड्याने राहिलो कारण भिंती वाळेनात.

आता मुद्द्यावर येते. त्या शनिवारी दुपारी मी जिन्याच्या पायरीवर बसून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये, माळ्यावर कोरडी राहिलेली बँकेची फाइल उघडली. माझी खात्री होती की आपल्या घराचा इन्शुरन्स आहे, कारण लोन घेताना बँकेच्या माणसाने स्वतः म्हटलं होतं की मॅडम लोनसोबत इन्शुरन्स कंपल्सरी असतो, आणि त्याचा एकरकमी हप्ता लोनमध्येच ॲड केला होता, म्हणजे त्यावर आम्ही इतकी वर्षं व्याजही भरून राहिलो होतो. ती पॉलिसी वाचली तर तिच्यात घराचा पत्ताही नव्हता. ती होती कर्जदाराच्या जिवाची पॉलिसी, म्हणजे मिस्टरांचं काही बरं-वाईट झालं तर उरलेलं लोन कंपनी फेडणार. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, लोन असलेल्या घरात ती असावी, पण ती माणसाची आहे, घराची नाही. "होम लोन प्रोटेक्शन" असं नाव असलं की आपल्यासारख्यांना वाटतं होम प्रोटेक्ट झालं. ज्यांनी ज्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोन घेतलं त्या सगळ्यांनी आज संध्याकाळी फाइल काढून फक्त एवढंच बघा की विमा कशाचा आहे, जिवाचा की बांधकामाचा. काही बँका बांधकामाचाही काढतात, पण तोसुद्धा बऱ्याचदा फक्त स्ट्रक्चरचा असतो, घरातल्या एका चमच्याचाही नाही. आणि अमुकच कंपनीकडून घ्या अशी सक्ती बँक करू शकत नाही हेही लक्षात ठेवा.

मग राहिला स्कीमचा विमा. नागपुरातल्या कित्येक फ्लॅट स्कीम सहकारी सोसायट्या नाहीत, त्या अपार्टमेंट कंडोमिनियम आहेत, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खाली बिल्डरने डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचा घोषणापत्राचा दस्त, केलेलं असतं आणि प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. हा कायदा मी पुरानंतर वाचला, आधी वाचायला हवा होता. त्यात विम्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे, की डिक्लरेशनमध्ये किंवा बायलॉजमध्ये, म्हणजे स्कीमच्या नियमावलीत, तसं असेल, किंवा बहुसंख्य फ्लॅटधारकांनी मागणी केली, किंवा एखाद्या फ्लॅटवर पहिलं गहाण असलेल्या बँकेने सांगितलं, तर मॅनेजर किंवा कमिटीने प्रॉपर्टीचा आग वगैरेचा विमा काढायचा, तो सगळ्या मालकांच्या वतीने विश्वस्त म्हणून काढायचा, आणि हप्ता सामायिक खर्चात धरायचा. म्हणजे कोणी मागणीच केली नाही आणि बायलॉजमध्येही नसेल तर विमा नसूही शकतो! आणि पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते असं की हा सामायिक विमा असला तरी प्रत्येकाला आपल्या फ्लॅटचा स्वतंत्र विमा काढायचा हक्क राहतो. कायदा करणाऱ्यांना १९७० मध्येच कळत होतं की हे दोन वेगळे विषय आहेत, आम्हाला २०२३ मध्ये कमरेएवढ्या पाण्यात कळलं. ज्या सहकारी सोसायट्या आहेत त्यांच्या आदर्श उपविधींमध्ये आग आणि भूकंपाचा विमा काढणं सोसायटीवर बंधनकारक आहे, त्याचा खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. पण तिथेही वाचा, आग आणि भूकंप. नागपूर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन दोनमध्ये आहे, आणि आमच्या घरात आलं ते पाणी.

आमच्या स्कीमची पॉलिसी निघाली बरं का, सचिवांनी ती प्रामाणिकपणे दरवर्षी रिन्यू केली होती, त्यात पुराचंही कव्हर होतं, त्यांना दोष देत नाही. पण ती होती इमारतीची. तिच्यातून कंपाउंड वॉलचे पैसे मिळाले, पंपाच्या मोटरचे मिळाले, खालच्या मीटर पॅनलचे मिळाले. माझ्या फ्रिजचे, दिवाणाचे, आलमारीचे मिळायचा प्रश्नच नव्हता कारण ते इमारत नाहीतच, ते सामान आहे. स्वयंपाकघरात आम्ही स्वतः दोन-तीन लाख घालून नवीन ट्रॉल्या आणि प्लॅटफॉर्म केला होता, तोही पॉलिसीच्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता कारण आकडा टाकताना मूळ बांधकामच धरलं होतं, तेही कित्येक वर्षांपूर्वीच्या दराने. सरकारकडून पंचनामा झाला आणि दहा हजार रुपये खात्यात जमा झाले. मदत आली त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत दहा हजारही मोठे होते. पण ती मदत होती, भरपाई नव्हती, दहा हजारात गाद्याही आल्या नाहीत. अंबाझरीचं पाणी का चढलं, कुठे अडलं यावर हायकोर्टात बरंच काही झालं आहे, मी त्यात जात नाही, माझा विषय एवढाच की जे आपल्या हातात होतं ते आपण केलं नव्हतं.

आणि हे हातात होतं हे मला आमच्याच समोरच्या फ्लॅटमुळे कळलं. समोर एक रिटायर्ड काका-काकू राहतात, त्यांच्या घरात आमच्याइतकंच पाणी होतं, एक बोटही कमी नाही. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्याने ऑनलाइन बसून त्यांच्या नावाने घर आणि सामान दोन्हीचा विमा काढून ठेवला होता आणि काकांना धड आठवतही नव्हतं. मुलाने त्याच सकाळी फोनवरून क्लेम कळवला, कंपनीतर्फे नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, त्यांनी भिंतीवरच्या रेघेचा पट्टी लावून फोटो काढला, प्रत्येक वस्तू दारात ओळीने मांडायला लावली, मॉडेल नंबर लिहून घेतले. बिलं मागितली तर काकूंनी एक ओला लगदा दाखवला, बिलांची पिशवी टीव्ही युनिटच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. तेव्हा मुलाने जुने फोटो शोधले, वाढदिवसाचे, गणपतीचे, ज्यात मागे फ्रिज दिसतो, सोफा दिसतो, आणि कार्ड स्टेटमेंट काढली. थोडी घासाघीस झाली, फेऱ्या झाल्या, पण नुकसानीचा मोठा भाग त्यांना मिळाला. आम्ही दोघी एकाच चिखलात उभ्या होतो, फरक फक्त त्या एका कागदाचा होता.

तो कागद कोणता ते नीट सांगते कारण नाव माहीत असलं की एजंटला आपण प्रश्न विचारू शकतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना लागू केली आहे, तिचं नाव "भारत गृह रक्षा". कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, जमीन खचणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं मुळातच धरलेलं आहे, पुरासाठी वेगळं मागावं लागत नाही. आणि अशा घटनेमुळे घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही धरतात, म्हणजे आमची बॅटरी बसली असती. घर राहण्यालायक नसेल तर दुसरीकडचं भाडंही बसतं, म्हणजे आमचे दोन महिनेही बसले असते. हे सगळं मी नंतर वाचत बसले तेव्हा अक्षरशः रडू आलं.

सामानाचं असं आहे, की तुम्ही इमारतीचा विमा काढला तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सर्वसाधारण सामान आपोआप कव्हर होतं. जास्त हवं असेल तर यादी आणि रक्कम देऊन वाढवता येतं. फक्त सामानाचाही काढता येतो, त्यामुळे भाडेकरूंनीही काढावा, घरमालकाच्या विम्यात त्यांची गादीसुद्धा नसते. आता रक्कम कशी धरायची यात लोकांचा फार घोळ होतो. परवा एक गृहस्थ म्हणाले माझा फ्लॅट पासष्ट लाखांचा, एवढ्याचा विमा मला परवडणार कसा. अहो पण पासष्ट लाखांत जमिनीचा हिस्सा आहे, धरमपेठ जवळ असण्याची किंमत आहे, ती जळत नाही आणि वाहूनही जात नाही. विमा परत बांधायच्या खर्चाचा काढायचा, म्हणजे कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा नऊशे फूट कार्पेट आणि बावीसशे रुपये फूट दर धरला तर १९ लाख ८० हजार होतात, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३ लाख ९६ हजारांचं सामान त्यातच बसलं. मला एवढ्यासाठी जे कोटेशन आलं ते वर्षाला दोन हजारांच्या आतलं होतं. स्कूटीचा विमा आपण चालान होईल म्हणून काढतो नं, मग ज्या घरासाठी आयुष्य घातलं त्याचा का नाही.

आणखी एक चांगली गोष्ट या पॉलिसीत आहे. पूर्वी तुम्ही गरजेपेक्षा कमी रकमेचा विमा काढला असेल तर क्लेमही त्याच प्रमाणात कापायचे, अर्ध्याचा काढला तर नुकसानीच्याही अर्धेच द्यायचे. भारत गृह रक्षामध्ये तसं कापत नाहीत, विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान धरतात. दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि मग इमारतीची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते. मात्र कोणाला वाटत असेल की स्कीमचाही आहे आणि माझाही आहे तर दोन्हीकडून डबल मिळेल, तर तसं होत नाही, विमा नुकसानीपुरताच. स्कीमचा विमा चांगला, पूर्ण रकमेचा असेल तर आपण सामानाचा आणि स्वतः केलेल्या इंटिरिअरचा काढावा, नसेल तर दोन्ही काढावा. म्हणूनच तर म्हणते पहिले स्कीमची पॉलिसी मागून वाचा.

आता काय मिळत नाही तेही सांगते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल त्या बाईने पेपरात लिहिलं म्हणून घेतली आणि फसलो. नुसती घरफोडी, म्हणजे मे महिन्यात आपण गावाला गेलो आणि कुलूप तोडून चोरी झाली, ती या पॉलिसीत नाही, त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं जोडावं लागतं, आणि नागपुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत काय होतं ते तुमच्याच पेपरात रोज वाचतो. तिथे एफआयआर लागतो आणि चोर सापडला नाही तर पोलिसांचा फायनल रिपोर्टही मागतात, तेव्हा तक्रार त्याच दिवशी करा, दोन दिवस नातेवाइकांना फोन करत बसू नका. दागिने वेगळे जाहीर करून, त्यांची किंमत लिहून जोडावे लागतात, आपोआप येत नाहीत, त्यामुळे आमची ती कुडी विमा असता तरी मिळाली नसती. घरात ठेवलेली रोख रक्कम नाही. कूलर किंवा टीव्ही आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन जळला तर ती वस्तू नाही, पण त्यातून पडदा पेटून घर जळलं तर बाकीचं सगळं कव्हर आहे, आपल्याकडे मे महिन्यात कूलर चोवीस तास चालतात म्हणून हे मुद्दाम सांगते. आणि वरच्याच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपून छताचे पोपडे पडले तर तो क्लेम होत नाही, अचानक पाइप फुटला तर होतो. स्कीम नवीन असेल आणि बांधकामातच दोष असेल तर त्यासाठी विम्याच्या मागे लागू नका, रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बिल्डरने स्ट्रक्चरचे आणि कामाचे दोष फुकट दुरुस्त करून द्यायचे आहेत, त्याला लेखी कळवा.

आमच्या ओळखीच्या एका ताईंना, त्या नदीच्या पलीकडच्या बाजूला राहतात, विमा असूनही कंपनीने सुरुवातीला कागद अपुरे म्हणून टाळलं होतं. अशा वेळी लोक थकतात आणि सोडून देतात. सोडू नका. २०२४ मध्ये नियामकाने परिपत्रक काढून सांगितलं आहे की नुसते कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, आणि सर्व्हेअर नेमण्यापासून निर्णयापर्यंत मुदती घालून दिल्या आहेत. पहिले कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्यायचं, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत निकाल देऊ शकतात. नियामकाचा टोल फ्री नंबर १५५२५५ आहे, ऑनलाइन तक्रारीसाठी बिमा भरोसा पोर्टलही आहे. फक्त आपल्यासाठीचं लोकपाल कार्यालय पुण्याला आहे. तक्रार ऑनलाइन होते हे खरं, पण पूर येतो तेव्हा एकाच वेळी शेकडो घरांचा प्रश्न असतो आणि त्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात, त्यांना समोर बसून बोलायचं असतं. अशा मोठ्या आपत्तीनंतर लोकपालांनी नागपुरात कॅम्प लावावा ही माझी मनापासून मागणी आहे, आणि पॉलिसीचा पूर्ण मजकूर कंपन्यांनी न मागता मराठीत द्यावा हीसुद्धा. काकूंना सर्व्हेअरने जे प्रश्न विचारले ते सगळे त्या पॉलिसीत लिहिलेले होते, पण इंग्रजीतली वीस-पंचवीस पानं त्या वाचणार कधी आणि कशा.

दुसरी मागणी सरकारकडे. आरोग्य आणि जीवन विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य केला, फार चांगलं केलं, पण घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे. दर पावसाळ्यात शहरं बुडून राहिली आहेत, दरवेळी सरकारला पंचनामे करून मदत वाटावी लागते, मग जो माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घराची सोय करतो त्याच्यावर कर कशाला? आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय वर न्यावा.

आणि तिसरी गोष्ट आपल्या आपल्यातली, कंडोमिनियमच्या कमिट्यांसाठी. पॉलिसी सचिवांच्या कपाटात राहते आणि मेंटेनन्सच्या पावतीवर नुसतं "विमा" लिहून येतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलं झालं. त्या पॉलिसीची पहिली दोन पानं झेरॉक्स करून लिफ्टजवळ लावा, खाली मराठीत लिहा की यात तुमच्या घरातलं सामान नाही. रक्कम दर दोन-तीन वर्षांनी आजच्या बांधकाम दराने तपासा. कायद्यात आणखी एक कलम आहे ते कोणी वाचत नाही, इमारतीचं मोठं नुकसान झालं आणि साठ दिवसांत मालकांनी ती परत बांधायचं ठरवलं नाही, तर सगळी प्रॉपर्टी मालकांची सामायिक मानली जाते, ती विकायची वेळ येऊ शकते, आणि विक्रीचे व विम्याचे पैसे हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे वाटले जातात. तेव्हा विम्याचा आकडा तोकडा असेल तर कोणाच्या वाट्याला काय येईल हे आजच गणित करून बघा. बारा-सोळा फ्लॅटच्या स्कीममध्ये एक संध्याकाळ पुरते या कामाला.

आमच्या स्कीममध्ये पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमसभा आहे, अजेंड्यावर तिसरा विषय "इमारतीचा व फ्लॅटधारकांचा वैयक्तिक विमा" असा मी लिहून दिला आहे आणि अध्यक्षांनी तो घेतला. समोरच्या काकांनी त्यांची पॉलिसी, सर्व्हेअरची यादी आणि फोटो सगळ्यांना दाखवायला आणतो म्हटलं आहे. मी माझ्या घराचं करून टाकलं, प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मुलीला पाठवून ठेवला, आलमारी उघडून, मिक्सरच्या मागचा नंबरसुद्धा घेतला, आणि बिलं आता माळ्यावर प्लास्टिकच्या डब्यात आहेत. त्या नव्या मुलीलाही सभेला येताना तिची बँकेची फाइल घेऊन यायला सांगितलं आहे.

आपली,
तळमजल्यावरची एक फ्लॅटधारक, नागपूर